मधल्या खंडाचे मौन

त्रिखंडात्मक कादंबरीत मधल्या खंडाचे भागधेय काहीसे चमत्कारिक असते. पहिल्या खंडाला आरंभाचे कुतूहल लाभते, तिसऱ्याला समाप्तीचे समाधान. मधल्याच्या वाट्याला येते ती केवळ प्रतीक्षा. वाचक तो पुष्कळदा पुलासारखा ओलांडून जातो आणि समीक्षकही तिसऱ्या खंडाच्या उजेडात त्याचा अर्थ लावून मोकळा होतो. विज्ञानकादंबरीच्या बाबतीत तर हे विशेषच घडते, कारण रहस्य शेवटी उलगडावे ही तेथील वाचकाची रास्त अपेक्षा असते. परंतु तिसरा खंड जे उत्तर देतो, ते मधल्या खंडाने विचारलेल्या प्रश्नाचेच असते काय, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते. ज्यूल व्हर्नच्या सागरी कादंबऱ्यांच्या त्रयीसंबंधी हा प्रश्न भारतीय वाचकाने, त्यातही जबलपूरसारख्या गावातील मराठी वाचकाने विचारावा, याला सबळ कारण आहे. या त्रयीचा नायक तिसऱ्या खंडात बुंदेलखंडाचा राजपुत्र ठरतो, आणि जबलपूरहून उत्तरेस व वायव्येस निघणारा रस्ता बुंदेलखंडातच जातो.

ही त्रयी आधी योजून लिहिलेली नव्हे. 'कॅप्टन ग्रँटची मुले' ही कादंबरी १८६७-६८ मध्ये ग्रंथरूप झाली. 'समुद्राखाली वीस हजार लीग' मार्च १८६९ ते जून १८७० या काळात पॅरिसच्या एका पाक्षिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि 'गूढ बेट' १८७४-७५ मध्ये आली. पहिल्या दोन कादंबऱ्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिल्या कादंबरीतील आयर्टन हा निर्जन बेटावर सोडून दिलेला गुन्हेगार आणि दुसरीतील नेमो हा पाणबुडीचा अधिपती, या दोघांना तिसऱ्या कादंबरीने एका बेटावर आणले आणि तिन्ही पुस्तकांची मोट बांधली. याचा अर्थ असा की, दुसऱ्या कादंबरीचे मधलेपण तिच्या जन्माबरोबर आलेले नाही. ते तिच्यावर पाच वर्षांनी लादले गेले. तोवर ती आपल्या पायांवर उभी असलेली, आणि नायकाचे नाव-गाव मुद्दाम न सांगणारी, स्वतंत्र कलाकृती होती.

नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कोणीही नव्हे' असा आहे. त्याच्या नौकेवरील माणसे आपसांत जी भाषा बोलतात ती कोणत्याही देशाची नाही. प्राध्यापक अरोनाक्स सात महिने त्याच्या सहवासात राहतो, पण हा मनुष्य कोणत्या मातीतला, याचा त्याला थांग लागत नाही. मिळतात त्या केवळ खुणा. नेमोच्या खोलीत पोलंडचा कोशियुश्को, ग्रीसचा बोत्झारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, व्हेनिसचा मानिन, अमेरिकेचे वॉशिंग्टन, लिंकन आणि जॉन ब्राऊन यांची चित्रे लावलेली आहेत. तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रीट बेटाच्या किनाऱ्याजवळ तो सोन्याने भरलेली पेटी कोणाच्या तरी हाती रवाना करतो. कादंबरीच्या अखेरीस तो एक युद्धनौका बुडवतो, पण तिचे निशाण कोणत्या राष्ट्राचे ते वाचकाला कळू दिले जात नाही. त्यानंतर एक स्त्री आणि दोन मुले यांच्या चित्रासमोर तो गुडघे टेकून रडतो.

या सर्वांत भारतीय वाचकाला थांबवणारा प्रसंग सिंहलद्वीपाजवळचा आहे. मोती काढण्यासाठी एकट्याने बुड्या मारणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क झडप घालतो. नेमो केवळ खंजीर घेऊन त्या माशाला सामोरा जातो, त्या माणसाला वाचवतो आणि त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. मानवजातीशी संबंध तोडल्याचे सांगणाऱ्या नेमोने हे का केले, असे अरोनाक्स सुचवतो, तेव्हा नेमो उत्तर देतो की, हा मनुष्य पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे आणि आपणही अखेरच्या श्वासापर्यंत त्याच देशाचे आहोत. मूळ फ्रेंचमधील शब्दयोजना येथे महत्त्वाची आहे. नेमो हिंदुस्थानचे नाव घेत नाही. 'पीडितांचा देश' या शब्दांनी तो जो देश सांगतो, तो नकाशावर सापडणारा नाही. पोल, क्रीटवासी, आयरिश आणि सिंहलचा पाणबुड्या हे सारेच त्याचे नागरिक आहेत.

हे मौन कलावंताच्या निखळ प्रेरणेतून आले असे मात्र नाही. व्हर्नच्या मूळ कल्पनेत नेमो पोलिश सरदार होता. १८६३-६४ चा पोलंडचा उठाव रशियाने निर्घृणपणे चिरडला. त्यात ज्याचे कुटुंब नष्ट झाले असा हा सरदार रशियन जहाजांवर सूड उगवतो, अशी ती योजना होती. प्रकाशक एत्झेल याला ती मान्य होईना. रशियात व्हर्नच्या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग होता आणि फ्रान्स व रशिया यांचे राजकीय संबंधही नाजूक होते. नेमोला गुलामांच्या व्यापाराचा शत्रू करावे, अशी तडजोड एत्झेलने सुचवली. व्हर्नने ती नाकारली. अखेर पोलंड गेले, रशिया गेला आणि उरला तो राष्ट्र नसलेला संताप. प्रकाशकाच्या व्यापारी धास्तीतून जन्मलेल्या या मौनाने कादंबरीचे नुकसान झाले असे प्रथमदर्शनी वाटेल. प्रत्यक्षात घडले ते उलट. एका राष्ट्राची तक्रार जाऊन तिच्या जागी पीडितमात्राची तक्रार आली, आणि प्रत्येक पराभूत देशाच्या वाचकाला त्या रिकाम्या जागेत आपले नाव लिहिता आले.

तिसऱ्या खंडाने ही रिकामी जागा भरून टाकली. मरणोन्मुख नेमो बेटावरील अमेरिकनांना सांगतो की, आपण राजपुत्र डक्कार, स्वतंत्र बुंदेलखंडाच्या राजाचे पुत्र आणि टिपू सुलतानाचे भाचे. दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत युरोपात शिक्षण, १८४९ मध्ये स्वदेशी पुनरागमन, विवाह, दोन अपत्ये, १८५७ च्या उठावात वीस चकमकी आणि दहा जखमा, कुटुंबाचा नाश, डोक्यावर लावलेले इनाम, आणि मग समुद्र असा त्याचा जीवनपट आहे. भारतीय वाचकाला येथे अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजी साहित्यात सत्तावनचा बंडखोर बहुधा क्रूरकर्मा म्हणून रंगवला जात असता एका फ्रेंच लेखकाने त्याला आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ शास्त्रज्ञ आणि यंत्रनिर्माता करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि इतिहासाच्या कसाला हा तपशील उतरत नाही. बुंदेल्यांच्या राजवंशात टिपूचा भाचा संभवत नाही, आणि डक्कार हे नाव त्यांच्या वंशावळीत बसणारे नाही. १८४९ मध्ये बुंदेलखंड हे एका राजाचे स्वतंत्र राज्यही नव्हते. ओरछा, पन्ना, चरखारी, छत्रपूर अशी अनेक संस्थाने तेथे इंग्रजांच्या छायेखाली नांदत होती. कालगणनेचा घोळ तर त्याहून मोठा आहे. नेमोचा मृत्यू ऑक्टोबर १८६८ मध्ये होतो आणि अरोनाक्स आपल्या नौकेवर सोळा वर्षांपूर्वी आला होता, असे तो सांगतो. हा हिशेब मानला तर पाणबुडीचा प्रवास १८५२ च्या सुमारास, म्हणजे ज्या उठावानंतर ती बांधली गेली त्या उठावाच्याही आधी, झालेला ठरतो. मधल्या खंडाप्रमाणे मात्र अरोनाक्सचा प्रवास १८६७-६८ मधला आहे. ही विसंगती प्रकाशकालाही जाणवली आणि त्याला तळटीप द्यावी लागली. मागाहून जोडलेल्या उत्तराचा सांधा अशा रीतीने उघडा राहिला आहे.

परंतु तारखांच्या चुकीहून अधिक गंभीर आहे तो तिसऱ्या खंडाचा निवाडा. नेमोची कथा ऐकून अभियंता सायरस स्मिथ त्याला सांगतो की, भूतकाळ पुन्हा उभा करता येईल असे मानणे ही तुमची चूक झाली, आणि तुम्ही अटळ प्रगतीशी झुंजलात. म्हणजे ज्या पृष्ठांत नेमोला देश मिळतो, त्याच पृष्ठांत त्या देशाचा लढा इतिहासाच्या विरोधातला ठरवला जातो. आपल्या माणसाला आपलेपण मिळाले ते पराभवाच्या प्रमाणपत्रासह. हस्तलिखितात नेमोचा अखेरचा उद्गार 'स्वातंत्र्य' हा होता. एत्झेलच्या आग्रहाने तो बदलून देव आणि देश यांचे स्मरण त्याच्या तोंडी घालण्यात आले, ही गोष्टही येथे ध्यानात घेतली पाहिजे. मधल्या खंडात प्रकाशकाने राष्ट्र काढून टाकले होते. तिसऱ्यात राष्ट्र राहू दिले, पण त्याची मागणी पुसली.

भारतात ही त्रयी प्रथम वाचली गेली ती बहुधा इंग्रजीतून, आणि इंग्रजीने त्यात आणखी एक हात फिरवला. लुईस मर्सियर या धर्मोपदेशकाने केलेल्या मधल्या खंडाच्या भाषांतरात मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गळाला. नेमोच्या भिंतीवरील ओकॉनेलचे चित्रही त्यात नाहीसे झाले. किंग्स्टन यांच्या नावाने १८७५ मध्ये निघालेल्या तिसऱ्या खंडाच्या भाषांतरात तर डक्कारचा पूर्ववृत्तांतच फिरवला गेला. इंग्रजांचे जोखड हिंदी जनतेला जड झाले असावे, असे मूळ लेखक म्हणतो. भाषांतर मात्र सांगते की, इंग्रजांनी अराजकातून सोडवून शांतता आणि समृद्धी दिलेल्या प्रजेला महत्त्वाकांक्षी राजांनी भुलवले. भारतीय वाचकाच्या हाती त्याचाच नायक आला तो असा आरोपीच्या पिंजऱ्यातून.

मधल्या खंडाचे मौन या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचले पाहिजे, आणि ते वाचण्यासाठी जबलपूरचा सत्तावनचा इतिहास उपयोगी पडतो. आज ज्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने ओळीने उभी आहेत, त्या जुन्या वस्तीच्या या शहराने एका शतकाच्या आत तीन राजवटी पाहिल्या. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचा शेवट १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी केला. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. १८४२ मध्ये सागर आणि नर्मदा खोऱ्याच्या प्रदेशात बुंदेल्यांचा उठाव झाला. आणि सप्टेंबर १८५७ मध्ये गोंड राजवंशातील वृद्ध शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना जबलपूर येथे पकडण्यात आले. शंकरशाह कवी होते. शत्रूंचा संहार करावा अशी देवीला विनवणी करणारी त्यांची पद्यरचना घराच्या झडतीत सापडली आणि तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली. १८ सप्टेंबर रोजी पितापुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री ५२ वी देशी पलटण छावणी सोडून निघून गेली.

या घटनेचा साहित्याच्या अभ्यासकाला कळणारा अर्थ असा की, सत्तावनमध्ये शब्द हा प्राणघातक होता. ज्याने आपला राग लिहून ठेवला तो मेला. जे वाचले ते नाव टाकून वाचले. नानासाहेब पेशवे नेपाळच्या दिशेने गेले आणि त्यानंतरची त्यांची हकिकत दंतकथांच्या स्वाधीन झाली. तात्या टोपे १८५९ पर्यंत मध्य भारताच्या जंगलांतून सतत जागा बदलत राहिले. पलटणी सोडून गेलेल्या असंख्य शिपायांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. तेव्हा निनावी, कोणत्याही देशाची न वाटणारी भाषा बोलणारा, भूतकाळाविषयी चकार शब्द न काढणारा आणि रात्री एका चित्रासमोर रडणारा मनुष्य हेच सत्तावनमधून जिवंत उरलेल्या बंडखोराचे विश्वसनीय चित्र होय. मरताना परक्यांपुढे वंशावळ सांगणारा डक्कार त्या मानाने नाटकी वाटतो. व्हर्नला दुसरी कादंबरी लिहिताना बुंदेलखंड ठाऊक असो वा नसो, प्रकाशकाशी झालेल्या भांडणातून त्याच्या हातून जे निपजले ते सत्तावनच्या सत्याशी अधिक इमान राखणारे आहे.

मराठी वाङ्मयाचा अनुभवही याला दुजोरा देतो. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी सत्तावनच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात प्रवास केला. झाशीच्या वेढ्याचे आणि पाडावाचे ते साक्षी होते. त्यांची हकिकत १८८३ च्या सुमारास लिहिली गेली, पण सरकारच्या भीतीने ती लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. चिंतामण विनायक वैद्य यांनी 'माझा प्रवास' या नावाने ती १९०७ मध्ये छापली तीही संस्कार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. म्हणजे बुंदेलखंडातील सत्तावनची प्रत्यक्ष साक्ष मराठीत होती, परंतु तिलाही मौनातून, संपादकाच्या हातातून आणि दीर्घ प्रतीक्षेतून जावे लागले. एत्झेल आणि व्हर्न यांच्यातील वाद व्यापाराचा होता, गोडसे यांच्या बाबतीत प्रश्न जिवाचा होता. हा भेद मोठा आहे. तरी परसत्तेच्या काळातील पुस्तक वाचताना छापलेल्या ओळींइतकेच न छापलेल्या ओळींकडेही लक्ष द्यावे लागते, हा धडा दोहोंतून सारखाच मिळतो.

व्हर्नच्या लेखनात हा मुलूख एकदाच येऊन गेला असे नाही. मधली कादंबरी क्रमशः निघत असतानाच, मार्च १८७० मध्ये, मुंबईकडून आलेली आणि अलाहाबादकडून आलेली अशी दोन रेल्वे जबलपूर येथे जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग अखंड झाला. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कल्पना अशा मार्गांमुळेच शक्य कोटीत आली. गंमत अशी की, १८७२ च्या त्या कादंबरीत व्हर्नने नेमका हाच लोहमार्ग अपुरा दाखवला आणि आपल्या प्रवाशांना हत्तीवर बसवून बुंदेलखंडाच्या अरण्यातून नेले. तेथे त्यांना भेटतो तो सतीचा विधी आणि धर्मांध जमाव. पुढे १८८० मध्ये 'वाफेचे घर' ही कादंबरी आली. तिच्यात स्वतः नानासाहेब खलनायक म्हणून अवतरतात आणि एका इंग्रज कर्नलला तोफेच्या तोंडाशी बांधतात. जबलपुरात ही शिक्षा कोणी कोणाला दिली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा उलटा प्रसंग निर्विकारपणे वाचणे कठीण आहे. एकाच लेखकाच्या मनात एकच प्रदेश कधी रानटी, कधी उदात्त, कधी सूडाने आंधळा असा बदलत गेला. यावरून एक निष्कर्ष निघतो: बुंदेलखंड व्हर्नला गरजेप्रमाणे वापरता येणारा पडदा होता. 'पीडितांचा देश' हा मात्र पडदा नव्हता. तो त्याच्या मनातला खरा देश होता.

मराठीत व्हर्नचे आगमन विसाव्या शतकाच्या आरंभी झाले. 'केरळ कोकिळ' मासिकाने त्याची चंद्रलोकाची कथा मराठी वाचकांना दिली. पुढे भा. रा. भागवत यांनी त्याच्या कादंबऱ्या खेळकर, वेगवान मराठीत आणून मुलांच्या एका पिढीचे वाचन समृद्ध केले. या परंपरेमुळे व्हर्न प्रामुख्याने बालकुमारांचा लेखक ठरला आणि त्याची पुस्तके सुटी वाचली गेली. १९७० नंतर जयंत नारळीकर आणि त्यांच्या समकालीनांनी विज्ञानकथेला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली, तेव्हा चर्चा रंगली ती कथेतील विज्ञान कितपत शुद्ध आणि कथा कितपत वाङ्मयीन, या प्रश्नाभोवती. पाणबुडीचे भाकीत खरे ठरले म्हणून व्हर्नचे कौतुक झाले. त्या पाणबुडीत बसलेला माणूस कोणावर आणि का रागावला आहे, हा प्रश्न मागे पडला. वस्तुतः नॉटिलस हे यंत्र म्हणून जितके भविष्यसूचक आहे, त्याहून ते राजकीय कल्पना म्हणून अधिक आहे. ज्याचा देश हिरावला गेला त्याने विज्ञान आत्मसात करून, कोणत्याही साम्राज्याचे निशाण नसलेल्या जागी जाऊन उभे राहावे, ही ती कल्पना होय.

या कल्पनेला पुढे इतिहासानेच एक अनपेक्षित पुस्ती जोडली. जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे १९३९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि आजारी अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांना पुढच्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला. १९४१ च्या जानेवारीत ते नाव आणि वेश बदलून देशाबाहेर पडले. १९४३ मध्ये जर्मन पाणबुडीतून निघून, भर समुद्रात जपानी पाणबुडीत बदली करून, त्यांनी पूर्व आशिया गाठला. व्हर्नच्या कादंबरीशी या प्रवासाचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. शिवाय सुभाषबाबू दोन साम्राज्यवादी सत्तांच्या नौकांतून गेले, तर नेमोची नौका त्याची स्वतःची होती. तरी परक्या नावाने समुद्राखालून जाणारा पराधीन देशाचा मनुष्य ही प्रतिमा सत्तर वर्षांत कल्पनेतून घटनेत उतरली, एवढे म्हणता येते. स्मिथने ज्या लढ्याला गतकाळाचे पुनरुज्जीवन म्हटले, तो लढा भविष्यकाळाचा होता, हेही १९४७ ने दाखवून दिले.

तेव्हा त्रयीच्या वाचनाची रूढ दिशा येथे बदलावी लागते. तिसऱ्या खंडाचा प्रकाश मधल्यावर टाकण्याऐवजी मधल्या खंडाच्या मौनाने तिसऱ्याची परीक्षा केली पाहिजे. तिसरा खंड आपल्याला एक राजपुत्र देतो, त्याला मुकुट, मामा आणि जन्मगाव देतो, आणि त्याच्या लढ्यावर निकाल देऊन त्याला समुद्रतळाशी निजवतो. मधला खंड यातले काहीच देत नाही. तो एका अज्ञात पाणबुड्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवणारा माणूस दाखवतो आणि त्याच्या देशाची सीमा आखण्याचे काम वाचकावर सोपवतो. ज्या शहरात एका कवीचे शब्द त्याच्या मरणाचे कारण झाले, त्या शहरातील वाचकाला या न बोलण्याची किंमत समजावून सांगण्याची गरज पडू नये.